दोघांच्या कथेतला तिसरा: वाचनाची नोंद

या खेपेला प्रेम आणि घरसंसाराच्या तीन कथा पुन्हा वाचल्या. वाचताना एकच प्रश्न धरून बसले: दोघांच्या गोष्टीत तिसरं माणूस कोण आहे, आणि त्याच्यामुळे काय होतं? तिसरं म्हणजे प्रेमाच्या आड येणारं नव्हे. नुसतं जवळ असलेलं.

चेखवची 'द लेडी विथ द डॉग' (१८९९) आधी घेतली. गुरोव आणि अॅना, दोघांचीही लग्नं दुसरीकडे झालेली, आणि हे त्यांचं चोरून जपलेलं प्रेम. अॅना रडत असते आणि गुरोव सावकाश कलिंगड खात बसतो, तो प्रसंग बहुतेकांच्या लक्षात असतो. मी यावेळी अडकले ती शेवटाकडच्या एका सकाळपाशी. गुरोव मॉस्कोतल्या हॉटेलात अॅनाला भेटायला निघालाय, आणि शाळा वाटेवरच म्हणून मुलगीही सोबत आहे. तापमान शून्याच्या वर तीन अंश असूनही बर्फ का पडतंय, ते तो तिला समजावतो. ती विचारते, बाबा, हिवाळ्यात गडगडाट का होत नाही? तो तेही सांगतो. हे सगळं बोलताना मनात मात्र आपल्या दोन आयुष्यांचा विचार चालू: एक सगळ्यांना दिसणारं, दुसरं लपलेलं. पोरीच्या वाट्याला कथेत एवढाच एक प्रश्न. पण तो वाचला आणि गुरोव-अॅनाबद्दलची माझी माया तसूभर कमी न होता त्या पोरीसाठी जीव तुटला. दोन्ही एकाच वेळी वाटू देणं चेखवला जमतं, म्हणून मी त्याच्याकडे परत परत जाते.

मग झुंपा लाहिरी, 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' (१९९९) मधल्या दोन कथा. (शेवट कळायला नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

'अ टेम्पररी मॅटर'मध्ये तिसरं माणूस म्हणजे जन्मतःच गेलेलं बाळ. रोज रात्री आठला तासभर वीज जाते, आणि शोभा व शुकुमार अंधारात एकमेकांना लपवलेल्या गोष्टी सांगू लागतात. सुरुवातीला अगदी किरकोळ: वेटरला टिप द्यायची राहिली वगैरे. मला वाटत राहतं की दोघं जवळ येताहेत. शेवटी शोभा सांगते की तिने वेगळं घर घेतलंय. त्यावर शुकुमार जे सांगतो, की तो मुलगा होता, मी त्याला हातात घेतलं होतं, ते प्रेम की सूड? मला दोन्ही दिसतं. त्या पानावर पुस्तक मिटून ठेवलं आणि त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही.

'द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट'ने सावरलं. तिथे तिसरी म्हणजे नवऱ्याची आधीची घरमालकीण, १०३ वर्षांच्या मिसेस क्रॉफ्ट. ठरवून झालेलं लग्न, नवराबायको एकमेकांना जवळजवळ अनोळखी. साडीतल्या मालाला म्हातारी आपादमस्तक न्याहाळते आणि पसंतीची पावती देते. नवऱ्याला हसू फुटतं, माला त्याच्याकडे बघून हसते. संसार खरा सुरू होतो तो इथे, आणि तोही एका परक्या बाईच्या बैठकीत!

आता जी. एं.च्या सुरुवातीच्या कथा काढल्यात, 'निळासावळा' (१९५९) पासून. तुमच्या वाचनात असं तिसरं माणूस कुठल्या मराठी कथेत भेटलं असेल तर जरूर सांगा, यादीत वर घेईन.