नजर लागू नये म्हणून

भर दुपारी तालुक्याच्या पत्रे-पाइपवाल्याचा फोन. "भाऊ, वेबसाइटवर पत्र्याच्या मापापुढं ह्या तिरप्या काड्या काहून आल्या?" पाहिलं तर 10' च्या जागी 10\\\\\\\' झालेलं. सात काड्या, म्हणजे गड्यानं भाव बदलायला तीनदा सेव्ह केलं असणार. एकाच्या तीन, तिनाच्या सात, हा पाढा मला पाठ आहे.

फुटाची ती खूण डेटाबेसला वाक्य संपल्यासारखी वाटते, म्हणून तिच्याआधी काडी मारायची, आधीची काडी असली तर तिच्याआधीही. पीएचपी या वेबसाइटच्या कोडभाषेत हे 'मॅजिक कोट्स' आपोआप करायचं. 2009 साली ते नको म्हणून जाहीर झालं आणि 2012 ला 5.4 आवृत्तीतून निघालंच. पण याचं होस्टिंग जुनं, त्यात कोड लिहिणाऱ्यानंही काड्या मारणारा वेगळा अ‍ॅडस्लॅशेस लावलेला. डेटाबेस एकच थर काढतो, दुसरा तसाच राहतो.

बहिरमच्या यात्रेला निघताना धाकट्याचं असंच व्हायचं. आई काजळाची तीट लावायची. काकूला ते ठाऊक नसायचं, तीही लावायची. मग आजी, "पोराले नजर लागन वं" म्हणत तिसरी. रोडगे खाऊन परत येईतो गाल काळाकुट्ट. रात्री आजी पदराचं टोक ओलं करून घासायला बसायची आणि घासता घासता त्याच्या गालावरच्या तिळापाशी यायची. तो बोंबलायचा, तिचा हात काही थांबायचा नाही. शेवटी कंदील जवळ आणून, "हा त तीळ हाये! मंग राहू दे."

म्हणून काडी दिसेनाशी होईस्तोवर काड्या काढणारं स्ट्रिपस्लॅशेस फिरवणाऱ्यांवर माझा राग आहे. विंडोजच्या फोल्डरच्या पत्त्यातली खरी काडीही त्यात जाते. जितके थर चढले तितकेच उतरवावेत. हे गाठी सोडवल्यागत किचकट काम आहे, आणि त्याचे पैसे मागितले की लोक "काड्याच त काढाच्या हायेत" म्हणतात.

नव्या कोडात ही भानगडच नको. पीडीओत, म्हणजे पीएचपीच्या डेटाबेसशी बोलायच्या सोयीत, क्वेरी म्हणजे डेटाबेसला द्यायचं वाक्य आधी तयार करायचं, जागा रिकामी सोडायची, तिथली माहिती वेगळी द्यायची. मग कोणी नावाच्या रकान्यात वाटेल ते लिहो, त्याचा हुकूम होत नाही.

परवा पारावर हे सांगायला गेलो तर एक म्हातारबा म्हणाले, "तुह्या कम्प्युटरलेबी नजर लागते का बे?"

लागते म्हटलं.