गोऱ्ह्याच्या वाट्याचा चीक

गाय व्याली की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काय झालं?’ कालवड, म्हणजे मादी वासरू, म्हटलं की फोनवरच पेढ्यांची मागणी होते. गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, म्हटलं की समोरचा ‘बरं बरं, वार पडली का? दुधाला कशी आहे?’ असं विचारून पुढे जातो. त्या गोऱ्ह्याबद्दल नंतर कुणी विचारत नाही, आणि मला आज त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

मी प्रवरेच्या काठच्या एका गावात राहते. लग्न होऊन आले तेव्हापासून गोठा माझ्याकडे आहे. सगळ्या गाई एचएफ, म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन या विदेशी जातीच्या, संकरित. पहाटेची धार, संध्याकाळची धार, मुरवलेल्या चाऱ्याचा, म्हणजे मुरघासाचा खड्डा, संकलन केंद्रावर दुधाची प्रत सांगणारी फॅट-एसएनएफची चिठ्ठी, यातच दिवस जातो. मुलांच्या शाळेची फी याच दुधातून भरली आहे. त्यामुळे दूधधंदा वाईट, तो बंद करा, असं मी म्हणणार नाही. मी हा धंदा करते आणि पुढेही करणार आहे. म्हणूनच त्यातली ही गोष्ट आपण गोठेवाल्यांनीच बोलली पाहिजे असं मला वाटतं.

गाय दूध देते ती व्याते म्हणून. दर वेताला एक वासरू, आणि त्यातली साधारण निम्मी नर. हे लहान पोरालाही कळतं. आता 2019 च्या पशुगणनेचे देशभरातले आकडे बघा. विदेशी आणि संकरित गाई-कालवडी जवळपास 4 कोटी 70 लाख. त्याच जातीचे नर किती? सुमारे 35 लाख. त्याआधीच्या, 2012 च्या गणनेत ते 60 लाखांच्या घरात होते. म्हणजे त्या सात वर्षांत माद्या एक कोटीहून जास्त वाढल्या आणि नर जवळपास 25 लाखांनी घटले. जन्माला तर दोन्ही बरोबरीनं येतात. मग बाकीचे कुठे गेले? प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, रीत वेगळी, त्यामुळे सगळ्या देशाचं मी सांगणार नाही. आमच्या भागात कुठे जातात ते मात्र मला माहीत आहे.

आमच्या भागात गोऱ्ह्याला कुणी मारत नाही. त्याला नुसतं काही द्यायचं नाही, एवढंच होतं. पहिल्या दिवसाचा चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, खरवसासाठी जातो. पुढे आठवडाभर गाईनं पान्हा सोडावा म्हणून त्याला सडाला लावतात आणि दोन घोट घेतले की ओढून बाजूला करतात. मग यंत्राची धार आली की तेवढंही लागत नाही. गोठ्याच्या मागच्या बाजूला हातभर दाव्यावर तो बांधलेला असतो. खाली ओल. समोर मोठ्या जनावरांनी सोडलेलं चिपाड, जे त्याला अजून पचतही नाही. मग हगवण लागते. डॉक्टरला बोलवायचं तर येण्याचे पैसे आणि सलाइनचे पैसे मिळून त्याच्या ‘किमती’पेक्षा जास्त होतात, म्हणून बोलवत नाहीत. तीन-चार दिवसांत कान गार पडतात, डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. संपला. ‘वासरू दगावलं’ असं म्हणतात. नुसतं नशिबानं झाल्यासारखं ते ऐकू येतं, आणि मला तो शब्द ऐकवत नाही.

चिकाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडतं. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच तिच्या रक्तातून रोगाशी लढायची थोडीफार ताकद मिळते. गाईच्या वासराला तशी मिळत नाही. तिच्या वारेची, म्हणजे पोटातल्या वासराभोवतीच्या आवरणाची, रचनाच अशी आहे की ते संरक्षण पलीकडे जात नाही. वासरू जन्मतं ते अगदी उघडं, आणि ती सगळी शिदोरी पहिल्या चिकात असते. त्यातही वेळेचं बंधन आहे. वासराचं आतडं ही संरक्षक द्रव्यं पहिल्या काही तासांतच चांगली शोषून घेतं. जसजसा वेळ जातो तसतसं हे कमी होत जातं आणि एक दिवस उलटला की जवळजवळ थांबतं. म्हणून ‘आता झोपा, सकाळी पाजू’ हे चालत नाही. तीस किलोचं वासरू असेल तर पहिल्या काही तासांत तीन लिटरपर्यंत चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे.

आमची गाय बहुतेक वेळा रात्रीच विते. वासरू जमिनीवर आलं की नाका-तोंडातला चिकटा बोटानं काढायचा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं आणि मग बाजूला व्हायचं. पुढचं काम गाईचं. ती त्याला असं रेटून चाटते की ते दोनदा कोलमडतं. त्या चाटण्यानंच त्याचं रक्त फिरायला लागतं. खुरांच्या टोकांना पिवळसर, मऊ रबरासारखं काहीतरी लागलेलं असतं. आईच्या पोटात इजा होऊ नये म्हणून निसर्गानं केलेली ती सोय. वासरू उभं राहून दोन पावलं चाललं की ते झिजायला लागतं. तोवर मी कास धुऊन, पहिल्या चार धारा सोडून, चीक काढून घेतलेला असतो. घट्ट, पिवळा, भांड्याला चिकटणारा. वासराच्या तोंडात बोट घातलं की ते जोरात ओढतं. ओढलं म्हणजे समजायचं, पाजायला हरकत नाही. मान किंचित वर, पण फार वर नाही, नाहीतर चीक फुप्फुसात जातो. बाटली रिकामी झाली की ते डोकं माझ्या गुडघ्याला ढुशा मारतं, आणखी हवं असतं.

आता यात एक सांगा, बोट ओढणाऱ्या त्या तोंडाला ते कालवड आहे की गोऱ्हा, यानं काय फरक पडतो?

खरवस मलाही आवडतो. एचएफ गाय पहिल्या धारेला वासराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त चीक देते. वासराचं पोट भरून, थोडा फ्रीजमध्ये अडीअडचणीला ठेवूनही उरतो. माझ्या सासूबाई तो चीक शेजारीपाजारी वाटत. विकलेला मी कधी पाहिला नाही. आता चिकाला तालुक्याच्या गावात चांगला भाव येतो, दुधापेक्षा जास्त. घेणारे घेतात त्यात त्यांची चूक नाही. विकणाऱ्यानं आधी वासराकडे बघावं एवढंच माझं म्हणणं आहे.

गोठेवाले असं का वागतात, तेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. ही माणसं दुष्ट नाहीत. यातली बरीचशी माणसं माझ्या नात्यातली आहेत. गाय आजारी पडली तर रात्र-रात्र तिच्याजवळ बसणारी आहेत. पण गोऱ्ह्याचं करायचं काय, याचं उत्तर कुणाकडे नाही. शेतात ट्रॅक्टर आला. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसल्यासारखंच, त्यामुळे जू मानेवर नीट ठरत नाही. उन्हात तो लगेच धापा टाकतो. तिकडे सोलापूर-सांगलीकडच्या खिल्लार खोंडाला बैलगाडा शर्यतीमुळे पुन्हा सोन्याचे दिवस आले. 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं शर्यतीच्या कायद्याला मान्यता दिल्यापासून तर चांगल्या खोंडाचे भाव लाखांत बोलतात. एचएफ गोऱ्ह्याला त्या बाजारात जागा नाही.

पूर्वी व्यापारी दारात येऊन गोऱ्हे घेऊन जायचा. 4 मार्च 2015 पासून राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. गाईला संरक्षण 1976 च्या कायद्यानं आधीच होतं, आता त्यात बैल आणि वळूही आले. व्यापारी यायचा बंद झाला. या कायद्यावर लोकांची मतं टोकाची आहेत आणि मी त्या वादात पडणार नाही. पण गोठ्यातून जे दिसतं ते सांगते. कायद्यानं गोऱ्ह्याला सुरीपासून वाचवलं, त्याच्या वैरणीचं काय ते कुणी ठरवलं नाही. कायदा करताना वाचलेल्या जनावराचं पोट कोण भरणार, हा प्रश्न त्याच कागदावर सुटायला हवा होता.

हिशेब तर साधा आहे. रोज तीन लिटर दूध, दोन महिने. लिटरला तीस रुपये धरले तरी पाच हजारांच्या पुढे जातं, आणि दोन महिन्यांनंतर हातात असतो तो कुणालाही नको असलेला गोऱ्हा. दुधाचा भाव पडला की सगळ्यात आधी त्याचं दूध तुटतं. 2023 च्या अखेरीस भाव इतके घसरले की सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. त्या हिवाळ्यात आमच्या शिवारात मोकळे गोऱ्हे जितके दिसले तितके मी आधी पाहिले नव्हते.

मोकळे, म्हणजे सोडून दिलेले. नाशिक-पुणे रस्त्याच्या कडेला, ढाब्यांच्या मागे, बाजार समितीच्या आवारात. रात्री टेम्पोतून आणून उतरवतात. एकदा भाजीबाजारातून परतताना असा एक गोऱ्हा जवळून पाहिला. पाच-सहा महिन्यांचा असेल. बरगड्या मोजाव्यात असा. तोंडात पुठ्ठ्याचा तुकडा. आणि डाव्या कानाला ताजी जखम. प्रत्येक जनावराच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला असतो, बारा आकडी. त्यावरून मालक कळतो. म्हणून सोडण्याआधी बिल्ला कापून घेतला होता, कानाच्या तुकड्यासकट. मी त्याला सोबतची कोबीची पानं घातली. तो खाताना माझ्याकडे बघत नव्हता, रस्त्याकडे बघत होता.

जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आखूड दाव्यावर अवाजवी काळ बांधून ठेवणं हाही गुन्हाच. पहिल्यांदा गुन्हा केला तर दंड किती? दहा ते पन्नास रुपये. हा आकडा मी गावातल्या दूधवाल्यांना सांगितला तेव्हा कुणाचा विश्वास बसेना.

वसुबारसेला आमच्याकडे गावाबाहेरच्या नव्या कॉलनीतल्या बायका पूजेला येतात. त्यांना गाय आणि वासरू शेजारी शेजारी हवं असतं, शास्त्रच तसं आहे. मोठ्या गोठ्यांमध्ये अशी जोडी सापडत नाही, वासरं वेगळी ठेवलेली असतात. म्हणून त्या आमच्याकडे येतात. मागच्या दिवाळीत आमच्या गाईजवळ गोऱ्हा होता. एक बाई म्हणाल्या, ‘अहो ताई, कालवड नाही का एखादी?’ मी म्हटलं, ‘काकू, पूजा वासराची आहे.’ त्यांनी मग त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, बाजरीची भाकरी आणि गवार त्याच्यापुढे धरली. त्यानं भाकरी सोडून त्यांच्या पदराचं टोक चघळायला घेतलं आणि त्यांची नात खळखळून हसली. अजून ती पोरगी आली की ‘गोऱ्हा कुठाय’ म्हणून विचारते.

आमच्यापुरतं आम्ही काय करतो, ते सांगते. पहिलारू कालवडी भरवताना, म्हणजे गाभण करवताना, आम्ही लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरतो. गावात तिला कालवडीची कांडी म्हणतात. तिच्यानं दहातल्या नऊ वेळा कालवड होते. गाभण राहण्याचं प्रमाण जरा कमी असतं, म्हणून माज, म्हणजे गाय फळायला आल्याची खूण, ओळखण्यात हयगय चालत नाही. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, हे पाळावं लागतं. माझ्या मते गोऱ्ह्यांच्या प्रश्नावर आज हातात असलेला सगळ्यात चांगला उपाय हाच आहे. जन्मालाच न आलेला गोऱ्हा उपाशी मरत नाही. शासनानं ती कांडी प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक वेळी, साध्या कांडीच्या भावात मिळेल असं बघावं. आज हवी तेव्हा ‘संपली’ असं ऐकायला मिळतं.

तरीही जो गोऱ्हा जन्मतो, त्याला चीक पूर्ण, दूध दोन महिने, जंताचं औषध वेळेवर, आणि कोरडी जागा. एक गोऱ्हा आम्ही ठेवला आहे. खच्ची करून घेतला. जू ठरत नाही म्हणून मिस्तरीकडून छातीवरून जाणारा रुंद पट्टा करून घेतला, आतून गोणपाट आणि जुनी गोधडी शिवलेली. रबरी टायरच्या छोट्या गाडीतून तो घासाचे भारे आणतो, उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. डिझेल वाचतं. सगळ्यांना हे जमेल असं नाही, पाच-सहा गोऱ्हे झाले तर आम्हालाही जमणार नाही.

म्हणून माझी सरकारकडे मागणी आहे, आणि ती मी दूध संघाच्या बैठकीतही मांडणार आहे. 30 सप्टेंबर 2024 ला मंत्रिमंडळानं देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केलं आणि गोशाळांना देशी गाईमागे रोज 50 रुपये अनुदान द्यायचं ठरवलं. चांगलं केलं. पण रस्त्यावर आमच्या भागात जे दिसतात ते देशी गाई नाहीत, संकरित गोऱ्हे आहेत. गोशाळावाले त्यांना दारात घेत नाहीत, कारण त्यांच्यासाठी पैसाच येत नाही. तेच अनुदान या गोऱ्ह्यांना लावा. दुधाचा उत्पादन खर्च काढताना चारा, पेंड, मजुरी धरता, तशी वासराच्या दुधाची ओळही त्यात धरा, मग ते वासरू नर असो की मादी, आणि त्या खर्चावर भाव ठरवा. दोन महिन्यांचं ते 180 लिटर दूध भावात धरलं गेलं, तर ते वासराच्या तोंडून काढून घ्यायची वेळ गोठेवाल्यावर येणार नाही.