चहानंतरच्या वेली

डिसेंबरात तासगाव तालुक्यातल्या एका बागेतून फोन आला. "साहेब, वेली माना टाकाय लागल्यात. रातभर ड्रीप चालू ठेवलंय, तरी बी." द्राक्षबागांना सल्ला देणं हा माझा धंदा. रात्रभर ड्रीप म्हटल्यावर मुळकूजच डोक्यात आली.

जाऊन बघतो तर बुडाशी चिखल आणि वर पानं ओल्या फडक्यागत लोंबलेली. भुरी नाही, डाऊनी नाही, म्हणजे बुरशीचा रोग नाही. मुळ्या उकरल्या, त्याही पांढऱ्याशुभ्र. आणि त्याच ओळीतल्या पहिल्या चौदा वेली ठणठणीत! पंधराव्यापासून पुढं सगळं मलूल.

चार दिवसांपूर्वी तिथं गर्डलिंग झालं होतं. मणी फुगावेत म्हणून खोडाभोवतीची काडेपेटीच्या काडीएवढी रुंद साल गोल काढून टाकतात. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून मुळांकडं उतरते. ती वाट तोडली की साखर वरच राहते आणि घडांना मिळते. पाणी चढतं ते त्याच्याही आतल्या लाकडातून. त्याला धक्का लागायचं कारण नाही.

चौदाव्या वेलीच्या चिरेवर बोट फिरवलं, आत लाकूड गुळगुळीत लागलं. पंधराव्या वेलीला नख रुतलं. लाकडातच खाच! मधले तीन दिवस आभाळ होतं म्हणून निभावलं; आदल्या दिवशी ऊन पडलं आणि पानांनी पाणी ओढायला सुरुवात केली.

टोळीतल्या पोराला विचारलं. "चौदा झाल्यावर च्या घेतला, मग नवं पातं घातलं." मी गप्पच झालो. जुन्या बोथट पात्यानं काम दाखवताना "जोरानं दाब, साल सुटली पाहिजे" असं मीच त्याला सांगितलं होतं. पोरानं नव्या पात्यालाही तेवढाच जोर लावला.

मालकाचे वडील खाटेवर बसून ऐकत होते. दिवाळीत मिरजेला त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. म्हणाले, "माझं बी असंच हुतं की. डॉक्टर म्हनला, काळजात दिसभर रगत भरतंय, पर काळजालाच मिळंना."

काकांचं बरोबर होतं. हृदयाच्या कप्प्यांतून मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त जातं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते बाहेरून येणाऱ्या बारीक धमन्यांतून. ती धमनी तुंबली की भरल्या घरात उपास.

"मग हिला बी छल्ला घाला की," काका म्हणाले.

छल्ला म्हणजे स्टेंट, धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी. वेलीला ती घालायची सोय नाही आणि हृदयासारखा पंपही नाही. पानांतून वाफ जाते, तिच्या ओढीनं पाणी वर येतं. म्हणजे खालून ड्रीप वाढवून उपयोग शून्य; वरची ओढ कमी करायची. ड्रीप बंद केलं, शेंडे खुडले, त्या वेलींवरचे निम्मे घड उतरवले. घड उतरवताना मालकाचा चेहरा मला बघवेना. चिरा सुकू नयेत म्हणून त्यांवर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली.

सहा वेली गेल्या. बाकीच्या तगल्या, पण मणी बारीकच राहिले. त्या हंगामाची फी मी घेतली नाही. काढणीच्या दिवशी काकांनी माझ्या पिशवीत दोन घड टाकले. "चौदाव्या येलीचं हायती," म्हणाले.