मागितले ७००, मिळाले १८०: एलईडी ड्रायव्हरची नोंदवही

हुपरीच्या मावसभावाला पैंजणांचे व्हिडिओ काढायला टेबललॅम्प हवाय. त्याच्याकडचा डिमरचा दिवा मंद केला की मोबाइलमध्ये काळे पट्टे पळतात. तो दिवा पीडब्ल्यूएमवर चालतो, म्हणजे भराभर चालू-बंद होऊन उजेड कमी करतो. चांदीवर तर ते पट्टे जास्तच उठून दिसतात. म्हणून मी साधा लिनिअर ड्रायव्हर (चालू-बंद न करता करंट सलग कमी-जास्त करणारं सर्किट) धरला: एलएम३५८ ऑप-अँप (दोन इनपुटांची तुलना करणारी चिप), आयआरएफझेड४४एन मॉसफेट (गेट पिनवरच्या व्होल्टेजनं करंट सोडणारा नळच), त्याच्या सोर्स पिनखाली करंट मोजायला ०.४७ ओहमचा सेन्स रेझिस्टर, १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आणि सिरीजमध्ये ३ वॅटचे तीन पांढरे एलईडी. पॉटवरून (फिरवायच्या बटणावरून) ऑप-अँपच्या प्लस इनपुटला ०.३३ व्होल्ट दिले की मायनसवर, म्हणजे रेझिस्टरवर, तेवढेच येईपर्यंत तो गेट उघडतो आणि ७०० मिलिअँप यायला हवेत. कागदावर हिशेब चोख.

शनिवारी रात्री ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायच्या बोर्डवर) जोडलं. १८० मिलिअँप. पॉट पाव फिरेपर्यंत उजेड वाढतो, पुढं कितीही पिळा, ढिम्म.

इथं मी नेहमीचा गाढवपणा केला. मोजायचं सोडून पार्ट बदलत सुटलो. अ‍ॅडॅप्टर बदलला, फरक नाही. एलईडी एकेक तपासले, ठणठणीत. मग मॉसफेट बदलला आणि करंट २४० वर गेला! पहिला डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. खरं तर तिथंच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. लूप, म्हणजे ऑप-अँपचं हे मोजून दुरुस्त करणं, नीट चालत असेल तर मॉसफेटचा कुठलाही पीस घाला, करंट तोच यायला पाहिजे. शिवाय जुना पीस तापत गेला तसा करंट १८० वरून २१५ पर्यंत सरकला होता. म्हणजे करंट ऑप-अँप ठरवतच नव्हता, मॉसफेटच्या मर्जीवर चाललं होतं.

रविवारी सकाळी जुना पीस परत घालून शेवटी मल्टिमीटर लावला. प्लसला ०.३३, मायनसला ०.१०८. ऑप-अँपचं आउटपुट ३.५८ व्होल्टवर थटलेलं. झालं, चोर सापडला. पॉटसाठी ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) लावलाच होता, म्हणून एलएम३५८ ला पण त्याच ५ व्होल्टवर बसवला होता मी. या चिपचं आउटपुट वरच्या रेलपर्यंत, म्हणजे सप्लायच्या व्होल्टेजपर्यंत, जातच नाही, साधारण दीड व्होल्ट खालीच राहतं. आणि आयआरएफझेड४४एनचा थ्रेशोल्ड (ज्या गेट व्होल्टेजला तो उघडायला लागतो ते) डेटाशीटमध्येच २ ते ४ व्होल्ट दिलाय, तोही फक्त २५० मायक्रोअँपला. साडेतीन व्होल्टच्या गेटवर तो जेमतेम किलकिला होतो. प्रत्येक पीसचा थ्रेशोल्ड वेगळा आणि गरम झाला की आणखी उतरतो. दोन्ही कोडी एकदमच सुटली.

लॉजिक लेव्हलचा, म्हणजे कमी गेट व्होल्टेजवर उघडणारा, आयआरएलझेड४४एन घातला असता तरी भागलं असतं. पण घरात नव्हता आणि रविवारी कोण देणार? ऑप-अँपची सप्लाय पिन १२ व्होल्टवर नेली, पॉट ५ वरच ठेवला. गेटला १०० ओहम घातलाय, नाहीतर एलएम३५८ मॉसफेटच्या कपॅसिटन्सवर डोलायला लागतो.

करंट ५५० वर गेला. आणि तिथंच अडकला.

या वेळी शहाणा झालो होतो, आधी दोन्ही इनपुट बघितले. प्लस ०.३३, मायनसही ०.३३. लूपचं समाधान झालेलं, आउटपुटही मधेच कुठंतरी निवांत. मग करंट कमी का? मीटरच्या पिना थेट रेझिस्टरच्या पायांवर टेकवल्या: ०.२५८ व्होल्ट. वरचे ७२ मिलिव्होल्ट ब्रेडबोर्डच्या पट्ट्या आणि जंपर खात होते, म्हणजे जवळजवळ ०.१३ ओहम. ऑप-अँपच्या दृष्टीनं माझा रेझिस्टर ०.६ चा होता. ०.३३ भागिले ०.६, बरोब्बर ५५०. एरवी ब्रेडबोर्डचं एवढं कोण मनावर घेतं, पण सेन्स रेझिस्टरच अर्ध्या ओहमचा असला की दहावा हिस्सासुद्धा महागात पडतो.

संध्याकाळी रेझिस्टर झिरो पीसीबीवर (भोकं पाडलेल्या कोऱ्या बोर्डवर) सोल्डर केला. मायनसची तार आणि पॉटचा ग्राउंड थेट त्याच्या दोन पायांवरून वेगळे घेतले. ६९८ मिलिअँप! अर्धा तास चालू ठेवला, ७०० च्या आसपासच राहिला. मॉसफेटवर सव्वा वॅटच्या आत-बाहेर जातो, छोटा हीटसिंक पुरतो. एलईडींना मात्र उद्यमनगरातून आणलेली जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावलीय, त्यांचे सात वॅट कुठंतरी जायला हवेत.

मोबाइल लावून बघितला, एक पट्टा नाही. भावाला व्हिडिओ पाठवला तर म्हणतो, "दादा, लाइट झ्याक हाय, पण बंद केल्यावर पण मिणमिणतीय की!" खरंय. पॉट शून्यावर नेला तरी चार-पाच मिलिअँप वाहतातच. एलएम३५८ चा ऑफसेट (दोन इनपुटांमधला अंगभूत फरक) दोन मिलिव्होल्ट असला तरी ०.४७ ओहमवर तेवढं होतं. मायनसला थोडा बायस, म्हणजे वरून किंचित व्होल्टेज, देऊन बघणार आहे, नाहीच जमलं तर सरळ स्विच लावून मोकळा होईन.