डिझेल इंजिनाचं तोंड

आज सकाळी मामांना आणायला स्टेशनवर गेलतो, तर पलीकडच्या लाईनीवर एक डिझेल इंजिन नुसतंच धकधक करत उभं. रेल्वेलाईनीवर लाईट आल्यापासून आपल्याकडं डिझेल दिसणं तसं कमीच, म्हणून मी फोटो काढत बसलो आणि मामा उतरून कधी मागं येऊन उभारले ते कळलंच नाही. म्हणाले, "आरं, आमच्या वेळी रंग बघूनच कुठल्या शेडचं ते ओळखायचो!" खरंय, प्रत्येक डिझेल शेडचे, म्हणजे इंजिनं ठेवायच्या-दुरुस्तीच्या जागेचे, पट्टे वेगळे, तोंडावरचं चिन्ह वेगळं, आणि ते रंगवणारा पेंटर म्हणजे माझ्या मते कलाकारच. नाव कुठंच नाही बिचाऱ्याचं.

मग चहा पीत डब्ल्यूडीएम-२ या जुन्या डिझेल इंजिनाचा विषय निघाला. २६०० हॉर्सपॉवर, १६ सिलिंडर, मूळ डिझाईन अमेरिकेच्या अल्को कंपनीचं. वाराणसीत जुळवलेलं पहिलं १९६४ चं, १८२३३ नंबर, नाव 'कुंदन'. नंतरच्या डब्ल्यूडीपी-४ इंजिनाचा निळा-क्रीम रंग मला लई आवडतो, मामांना अजिबात नाही, म्हणतात "फ्रिजसारखा दिसतोय."

या वादात बॅग चहाच्या गाड्यावरच राहिली, परत पळालो.