धोका कुणी पत्करला?

आज भाच्याला गोव्यातल्या बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये नेलं. एका विमानाच्या शेपटीकडे बघत त्याने विचारलं, "मावशी, हे उडताना तुटलं तर?" मला अमेरिकेतली रीनोची विमानशर्यत आठवली. 16 सप्टेंबर 2011. स्क्रू घट्ट धरणाऱ्या जीर्ण लॉकनटमुळे स्क्रू ढिले झाले, शेपटीवरचा ट्रिम टॅब, म्हणजे विमानाचा तोल साधणारी छोटी हलती पट्टी, तुटला आणि मस्टँग विमान थेट प्रेक्षकांच्या खुर्च्यांपाशी आदळलं. वैमानिकासह 11 जण गेले.

वैमानिक धोका ओळखून उडतो. खुर्चीतल्या माणसाला त्या नटाची अवस्था कुठून कळणार? 'स्वतःच्या जबाबदारीवर' म्हणत हात झटकणं मला अजिबात पटत नाही. ताबा सुटलेलं विमान कुठवर येईल, हा हिशेब आयोजकांचाच. त्या टप्प्यात एकही खुर्ची नको, मग आम्हाला लांबून दुर्बिणीने बघावं लागलं तरी चालेल.