मलिद्याचं ताट आणि दहा माणसं

मलिदा म्हणजे आपल्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, घरांतलं पोहे-नारळाचं गोड ताट. तो बिघडतो तो बहुतेक वेळा पोह्यांत. पातळ पोहे घेतले की दहा मिनिटांत त्यांचा लगदा होतो, आणि मग वर कितीही बदाम-पिस्ते पेरा, ताटात ढीग उभा राहत नाही. म्हणून जाड पोहे घ्यायचे, मिळाले तर हातसडीचे लालसर. निवडून, चाळून, दोन पाण्यांतून काढून रोळीत निथळत ठेवायचे. पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी दाणा दोन बोटांत दाबला की मोडावा, पण पीठ होऊ नये. निवडणं नुसतं स्वच्छतेपुरतं नाही. धान्यात किंवा फळात किडा राहिला तर ते खाणंच आपल्यात चालत नाही, त्यामुळे हे काम घाईत उरकू नये.

किलोभर पोह्यांना तीन मध्यम नारळ खवून लागतात. साखर चारशे ते पाचशे ग्रॅम, बारा-पंधरा वेलच्या, अर्धं जायफळ आणि चिमूटभर मीठ. बदाम, पिस्ते, बेदाणे मिळून पाव किलो पुरतात. साखरेऐवजी गूळ घालणारी घरं आहेत. गूळ मात्र बारीक चिरून खोबऱ्यात आधी चोळून घ्यावा, नाहीतर खडे राहतात. साखरेचंही तेच. आधी खोबरं आणि साखर एकत्र करून दहा मिनिटं ठेवायची, पाणी सुटू द्यायचं, मग त्यात पोहे घालायचे. उलटं केलं तर साखर पोह्यांतलं पाणी ओढते आणि ताटाच्या तळाशी पाक जमतो. एवढ्यात तीस जणांना द्रोणभर मलिदा सहज होतो. पाहुणे साठ असतील तर दोन वेगळे घाणे करा. एकाच पातेल्यात दुप्पट कालवायला गेलं की खालचे पोहे चेपतात.

नंतर मटणाची पंगत असेल तर मलिद्यात तूप, दूध काही घालायचं नाही. मांस आणि दुधाचे पदार्थ एका जेवणात येत नाहीत. नारळ हा यावरचा कोकणी उतारा. खिरीपासून हलव्यापर्यंत आपल्या घरांत दुधाची जागा नारळाच्या रसाने घेतली ती याच कारणाने. शेजारच्या मुसलमान घरांतही मलिदा असतो, पण तो पोळी किंवा रोटी कुस्करून, तूप-गूळ घालून केलेला. नाव एक, पदार्थ वेगळा. दोन्ही आळ्यांत वाढलेल्यांना हे सांगावं लागत नाही.

ताट म्हणजे मोठं पितळी तबक किंवा परात. खाली पांढरी स्वच्छ चादर, मधोमध मलिद्याचा ढीग, भोवती फळं. फळांचे प्रकार विषम ठेवायचे, पाच किंवा सात. खजूर आणि केळी हवीतच. बाकी सफरचंद, चिकू, संत्रं, डाळिंब, हंगामात जे असेल ते. वर गुलाब आणि सब्जाच्या चार-सहा काड्या. खजूर उभा चिरून आतून बघून घ्या. आतली कीड बाहेरून दिसत नाही. अंजिराचंही तसंच. केळी अगदी शेवटी सोलायची, कारण बराखा, म्हणजे खाण्याआधी म्हणायची आशीर्वचनं, होईपर्यंत ती काळी पडतात आणि मुलं तोंड फिरवतात.

हे सगळे प्रकार ताटात शोभेसाठी नसतात. प्रत्येकाची बराखा वेगळी आहे, आणि ताट भरताना ती डोक्यात असावी लागते. झाडाच्या फळाला ‘बोरे पेरी हाएत्स’. केळीला मात्र ‘बोरे पेरी हाअदामा’, म्हणजे जमिनीच्या पिकाची. केळ एकदा व्याली की तिचा सोट मरतो, त्यामुळे ती झाडात मोजत नाहीत. कोकणातल्या माणसाला हे कुठल्या पुस्तकातून शिकावं लागत नाही, परसात दिसतंच. पोह्यांना ‘बोरे मिने मेझोनोत’. तांदूळ गहू-जवाच्या पाच धान्यांत नाही, म्हणून मलिद्याला भाकरीची बराखा लागत नाही आणि मलिदा खाल्ला म्हणजे जेवण झालं असंही होत नाही. वासाच्या दोन बराखा आहेत. गुलाबाचं झुडूप लाकडी, त्याला ‘अत्से बेसामीम’. सब्जा कोवळा, त्याला ‘इस्बे बेसामीम’. गुलाब मिळाला नाही तर मोगरा चालतो, पण प्लास्टिकचं फूल ठेवून वासाची बराखा म्हणणं हा विनोद झाला. तो अधूनमधून घडतो.

बराखांच्या आधी ‘एलियाहू हन्नाबी’, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं गाणं, गातात. मग आशीर्वादाची वचनं, त्यांत इसहाकाने याकोबला दिलेला तो आशीर्वाद, ज्यात आकाशाचं दव आणि भरपूर धान्य आहे. घराघरांत क्रम थोडा बदलतो, त्यावरून वाद घालू नये. वाद घालावा तो वेगावर. पुढचा पाठांतराने सुसाट निघतो, मागचे ‘आमेन’ कुठे म्हणायचं ते शोधत राहतात. प्रत्येक बराखेनंतर थांबायचं, ते फळ फिरवायचं, सगळ्यांच्या तोंडात पडलं की पुढची घ्यायची. वीस माणसांना यात अर्धा तास जातो. तो जाऊ द्यावा.

लग्नाआधी, सुन्नतीच्या वेळी, नवं घर घेतल्यावर, नोकरी लागल्यावर, लांबच्या प्रवासातून सुखरूप आल्यावर, नवस फेडताना, मलिद्याला निमित्त पुष्कळ. माझ्या मते कोकणातल्या बेने इस्रायलांच्या गावाला धरून ठेवलं ते मलिद्याने, मशिदीने नव्हे. (आपली जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे यहुदी प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतात. मुंबईतलं पहिलं 1796 चं. मस्जिद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं असं मानतात.) रेवदंड्याचं बेथ एल, अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ, पेण, पनवेल ही सगळी नंतर, एकोणिसाव्या शतकात झाली. त्याआधीची कित्येक शतकं किहीम, चौल, नवगाव, झिराड, अष्टमी अशा गावांत दोन-दोन, चार-चार घरं होती. ती घाण्यावर तेल काढायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून शनवार तेली. ना सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी), ना हजान (प्रार्थना चालवणारा). शेमाची प्रार्थना पाठ, शब्बाथ (शनिवारचा विसावा) पाळायचा, सुन्नत करायची, आणि ताट भरून एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचं.

मशिदीचं गणित वेगळं, ते दहाचं. कद्दीशची प्रार्थना म्हणायला, तोरा उघडून वाचायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हवेत. 1948 नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली आणि रायगडमधल्या गावांना हा आकडा जड झाला. सणाच्या दिवशी मुंबई-ठाण्याहून माणसं येतात तेव्हा मिन्यान, म्हणजे हे दहा पुरुष, जमतं. तेव्हा बेत करणाऱ्याने दहा नाही, तेरा-चौदा जणांना सांगून ठेवावं. एकाची बोट चुकते, एकाला ताप येतो, एक जण बाहेर फोनवर असतो. गेटवेहून मांडव्याला बोट तासाभरात पोचते, पुढे अलिबागची बस. पावसाळ्यात गेटवेच्या या बोटी बंद असतात, तेव्हा पेण-वडखळचा रस्ता आणि त्याचे खड्डे धरून दीड तास जास्त मोजा. आणि माणसं मोजताना एक-दोन-तीन करायचं नाही. तेहिलीमच्या (स्तोत्रांच्या) 28 व्या अध्यायातलं ‘होशीया एत अमेखा’ हे शेवटचं वचन बरोबर दहा शब्दांचं आहे. एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. वचन पुरं झालं की मिन्यान पुरं.

किद्दूशला (शब्बाथ-सणाला द्राक्षरसावर म्हणायच्या प्रार्थनेला) लागणारं काळ्या मनुकांचं शरबतही आदल्या रात्रीचं काम. पाव किलो मनुका धुऊन पाऊण लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी त्याच पाण्यात मंद उकळून, चिरडून, फडक्यातून पिळायच्या. मनुका पिळल्यावर दाट रस निघाला पाहिजे. नुसता पाण्याला रंग आला असेल तर ते मनुकांचं पाणी झालं, त्यावर द्राक्षरसाची बराखा म्हणता येत नाही. उन्हाळ्यात बाटली बाहेर राहिली की शरबत फसफसतं. त्याने फारसं बिघडत नाही. आंबून शिर्का झाला तर मात्र ओतून द्यायचं.

आता खंडाळे. लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे, अलिबागजवळचं खंडाळे. तिथल्या कातळावरच्या खुणा एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या आणि घोड्यांच्या आहेत, इथूनच तो आकाशात गेला, असं सांगतात. नवसाची जागा ती. हिब्रू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या 15 तारखेला, तू बिश्वातला, आपल्याकडे एलियाहू हन्नाबीचा उरूस. इतर देशांतले यहुदी त्या दिवशी झाडांचं नवं वर्ष करतात आणि फळं खातात. आपल्याकडे ती फळं मलिद्याच्या ताटात येतात. तारीख जानेवारी-फेब्रुवारीत फिरते. 2026 मध्ये 2 फेब्रुवारीला सोमवार होता. 2027 मध्ये 23 जानेवारी आहे आणि तो शनिवार आहे. शब्बाथला वाहन नाही, चूल नाही, म्हणजे बसगाड्या ठरवणाऱ्यांनी जाणं रविवारवर ढकलावं आणि हे दोन महिने आधी कळवावं. रविवारी अलिबागचा रस्ता पर्यटकांनी तुंबतो, तेव्हा मुंबईहून सकाळी सहाला निघालेलं बरं.

कातळावर जाताना मलिदा कालवून नेऊ नका. ओलं खोबरं उन्हात चार-पाच तासांत आंबायला लागतं, आणि बंद डब्यात त्याहून लवकर. पोहे कोरडे न्यायचे, खोबरं-साखर वेगळ्या डब्यात बर्फाशेजारी. एका माणसाने फक्त धुण्याचं पाणी सांभाळायचं. किलोला चार लिटर धरा, हात धुवायला वेगळं. रोळी विसरली की पोहे निथळायचे कशात हा प्रश्न तिथे सुटत नाही. ती यादीत पहिली लिहा. म्हाताऱ्यांसाठी दोन-तीन घडीच्या खुर्च्या, बसायला जाड सतरंजी. कातळ सकाळी दहानंतर चटके देतो.

नव्याच्या सणाचा (रोश हशानाचा, हिब्रू नव्या वर्षाचा) चिकाचा हलवा हे खरं सामुदायिक काम, एकट्या बाईने करूच नये असं. किलोभर गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, दोनदा गाळून तो पांढरा रस रात्रभर बसू द्यायचा. सकाळी वरचं पिवळट पाणी हलकेच ओतून टाकलं की खाली घट्ट चीक. हे पाणी आळसाने राहू दिलं तर हलव्याला आंबूस वास येतो, मग वेलची झाकत नाही. चार नारळांचा जाड-पातळ मिळून दीड-दोन लिटर रस, किलोभर साखर आणि चीक गार असतानाच एकजीव करून मग चुलीवर चढवायचं. गरम रसात चीक ओतला की गाठी होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. दोन ते अडीच तास हात थांबवायचा नाही, म्हणून पाळ्या लावतात. गोळा पातेल्याची कड सोडू लागतो तेव्हा सगळ्यांना वाटतं झालं. तेव्हा झालेलं नसतं. नारळाचं तेल कडेने सुटेपर्यंत ढवळायचं, मगच परातीत थापायचं. अर्धा तास आधी उतरवलेला हलवा दुसऱ्या दिवशी सुरीला चिकटतो आणि वड्या पडत नाहीत. चीक काढायचा कंटाळा म्हणून कॉर्नफ्लोअर घालतात. वड्या छान पडतात, चव पडत नाही.

सणांची आपली जुनी नावं मुलांना सांगायला हलव्याच्या त्या अडीच तासांसारखी वेळ नाही. नव्याचा सण, मग खिरीचा सण, दरफाळणी (त्या दिवशी दारं लावून उपास), दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा भेटीगाठी आणि दानधर्म. पुरीमला होळीचा सण, आब महिन्याच्या उपासाला बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. हिब्रू नावं शाळेत, सिनेगॉगात कळतातच. ही कळत नाहीत.

कीर्तनाबद्दल थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बेने इस्रायलांनी हिंदू कीर्तनाचा साचा घेतला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं बसवली. साकी, दिंडी, ओवी सगळं मराठीत. गावात करायचं तर शनिवारी रात्री हबदाला, म्हणजे शब्बाथ संपवायचा विधी, झाल्यावर करावं. त्याआधी पेटीला हात लागत नाही. आख्यान पाऊण तासाच्या आत बसवा, कारण शेवटची बस नावाची गोष्ट श्रोत्यांच्या डोक्यात असते. पदांच्या झेरॉक्स मोठ्या अक्षरांत काढा. गाणारी बहुतेक मंडळी साठीच्या पुढची असतात.

आणि उरलेला मलिदा. तो फ्रिजमध्ये कोंबून दुसऱ्या दिवशी खायचा पदार्थ नाही, पोहे कडक होतात. शेजारी-पाजारी द्रोण आधीच वेगळे काढून त्याच संध्याकाळी पोचवा. फळं वेगळ्या पिशवीत द्या, डाळिंबाचं पाणी मलिद्यात उतरलं की तो गुलाबी होतो आणि लोक विचारतात, रंग घातला का?